तारीख दिसते, सुनावणी दिसत नाही

चिखलदऱ्याहून नागपूर सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर आहे. घाट उतरून परतवाडा, तेथून अमरावती आणि अमरावतीहून पुढे नागपूर असा तो रस्ता. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे विदर्भासाठीचे खंडपीठ नागपुरात बसते. मेळघाटातल्या एखाद्या वनरक्षकाला, तलाठ्याला किंवा शासकीय आश्रमशाळेतील शिक्षिकेला नोकरीत आपल्यावर अन्याय झाला असे वाटले, तर दाद मागण्यासाठी तेथवर जावे लागते. खासगी आस्थापनेतील कामगाराला निदान अमरावती तरी गाठावी लागते. एका तारखेपायी दोन दिवस मोडतात. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. त्या हिशेबाने मजुरीवर पोट असलेल्या माणसाला एक तारीख म्हणजे सव्वासहाशे रुपयांची बुडालेली मजुरी, त्यावर एसटीचे भाडे आणि खाणेपिणे. तारीख पुढे ढकलली गेली, की हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडायचा.

हे झाले पक्षकाराचे. पण ज्याचा स्वतःचा खटला नाही आणि तरीही ज्याचे भवितव्य त्या खटल्यात गुंतलेले आहे, अशा माणसाने काय करावे? भरती थांबली म्हणून घरी बसलेला कोरकू तरुण, ज्यांच्या गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाही असे गावकरी, वरिष्ठांचा जाच मुकाट्याने सोसणारी दुसऱ्या एखाद्या कचेरीतली कर्मचारी, या साऱ्यांना तो खटला आपलाच वाटतो. गेल्या काही वर्षांत त्यांच्या हाती मोबाइल आला आहे. न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्यांना त्या दिवशीची कार्यसूची दिसते, पुढची तारीख दिसते आणि यथावकाश निकालाची प्रतही उतरवून घेता येते. मात्र तारीख आणि निकाल यांच्यामध्ये जे घडते, म्हणजे शासनाच्या वकिलाने काय सांगितले, मालकाने कोणते कारण पुढे केले, न्यायाधीशांनी कोणता प्रश्न विचारला, ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. न्यायदानाचा हा जो गाभा, तोच भिंतीआड राहतो.

न्याय उघड्यावर झाला पाहिजे हे तत्त्व आपल्याला नवे नाही. गावचावडीवरचे निवाडे उघड्यावरच होत. अर्थात त्या चावडीचे गोडवे गाण्याचे कारण नाही; तिची पायरी चढण्याचा अधिकार स्त्रीला नव्हता, दलितालाही नव्हता. राज्यघटनेने तो अधिकार सर्वांना दिला. १९६६ साली मिरजकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे हा प्रश्न आला होता. मुंबई उच्च न्यायालयातील एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात न्यायमूर्ती तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष प्रसिद्ध करू नये असा तोंडी आदेश दिला होता. त्याविरुद्ध वार्ताहर सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताच्या निकालात खुल्या सुनावणीचे महत्त्व मान्य केले, पण न्यायदानासाठीच आवश्यक असेल तेव्हा दार अंशतः लोटून घेण्याचा न्यायालयाचा अधिकारही मान्य केला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत नोंदवले. दार उघडे असावे हा नियम आणि ते लोटावे हा अपवाद, ही मांडणी तेव्हापासून आपल्याकडे रूढ आहे.

पुढे तंत्रज्ञानाने त्या दाराची रुंदी बदलली. २६ सप्टेंबर २०१८ रोजी स्वप्निल त्रिपाठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांपुढील सुनावण्या लोकांना घरबसल्या पाहता येऊ लागल्या. २०२३ च्या आरंभी शिवसेनेतील फुटीसंबंधीचा युक्तिवाद महाराष्ट्राने मोठ्या उत्सुकतेने पाहिला, आणि पक्षांतरबंदीसारखा रुक्ष विषय बसस्थानकावरच्या गप्पांत आला. जुलै २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयानेही काही खंडपीठांच्या कामकाजाचे प्रक्षेपण सुरू केले. ही प्रगती स्वागतार्ह आहे. पण तिची दिशा पाहा. वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडल्या; तळमजल्याच्या बंदच राहिल्या. सत्तेचे वाद कोणी कसे लढवले ते लोकांना दिसले. ज्या ठिकाणी सामान्य माणसाची नोकरी जाते, बढती अडते, पगारात भेद होतो, त्या कामगार न्यायालयांत, औद्योगिक न्यायालयांत आणि प्रशासकीय न्यायाधिकरणांत अशी व्यवस्था रुजलेली नाही. ही उपेक्षा अजाणता झाली असेल, पण तिचे परिणाम गंभीर आहेत, आणि ते नोकरीतील भेदभावाच्या खटल्यांत सर्वांत अधिक जाणवतात.

याचे कारण भेदभावाच्या स्वरूपातच आहे. चोरी करणारा आपण चोरी केली नाही असे म्हणतो. भेदभाव करणारा मात्र सहसा आपले कृत्य नाकारत नाही. 'येथे अशीच रीत आहे' असे सांगतो. कचेरीत ती रीत कोणी तपासत नाही, म्हणून ती टिकते. खटला उभा राहिला की त्या रीतीला प्रथमच आपले कारण बोलून दाखवावे लागते. साठीच्या दशकात मुंबईच्या एका औषध कंपनीत वेष्टन विभागातील स्त्रीचे लग्न झाले की तिची नोकरी संपे. बॉम्बे लेबर युनियनने हा वाद न्यायाधिकरणापुढे नेला. तेथे अपयश आले तेव्हा सर्वोच्च न्यायालय गाठले. कंपनीचे म्हणणे असे, की त्या विभागात गटागटाने काम चालते आणि विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात. अविवाहित स्त्री, विधवा स्त्री किंवा पुरुष गैरहजर राहिला तर गटाचे काय होते, या साध्या प्रश्नापुढे ते कारण टिकले नाही. बदली कामगारांची थोडी तरतूद ठेवली की भागत होते. नियम रद्द झाला. कारखान्याच्या आत जो नियम निसर्गक्रमासारखा वाटत होता, तो भर न्यायालयात उच्चारला जाताच पोकळ ठरला.

दुसरे उदाहरण ऑड्रे डिकॉस्टा यांचे. मॅकिनन मॅकेंझी या मुंबईतील जहाज व्यवसायातील कंपनीत स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळे. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला होता. कंपनीने सांगितले, की या स्त्रिया वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या खासगी लघुलेखिका असल्याने त्यांचा वर्गच निराळा आहे; शिवाय कंपनीची आर्थिक स्थिती नाजूक आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही सबबी फेटाळल्या. या खटल्यातली कामगार चळवळीने विसरू नये अशी गोष्ट वेगळीच आहे. स्त्रियांना खालच्या पायरीवर बसवणारी ती वेतननिश्चिती मालक आणि संघटना यांच्यात १९७५ साली झालेल्या कराराच्या अंमलबजावणीतून आली होती. म्हणजे बंद दाराआडच्या वाटाघाटींत मालकाबरोबर आपली माणसेही बसलेली असू शकतात. उघड सुनावणीचा धाक केवळ भांडवलदारालाच हवा असे नाही. तो संघटनेच्या पुढाऱ्यांनाही हवा.

आता अर्थशास्त्राच्या अंगाने पाहू. न्यायालयात जाणारा आपला खासगी लाभ पाहायला जातो, तेव्हा खर्च त्यानेच सोसावा आणि ज्यांचा संबंध नाही त्यांनी तेथे डोकावू नये, असा एक विचार अलीकडे बळावला आहे. ब्रिटनमध्ये २०१३ साली याच विचाराने नोकरीविषयक न्यायाधिकरणांत शुल्क बसवण्यात आले. भेदभावाच्या तक्रारीला सुनावणीपर्यंत बाराशे पौंडांपर्यंत खर्च येऊ लागला, आणि तक्रारींची संख्या सुमारे सत्तर टक्क्यांनी घसरली. युनिसन या कामगार संघटनेने आव्हान दिले, तेव्हा २६ जुलै २०१७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते शुल्क बेकायदेशीर ठरवले. त्या निकालाचा गाभा असा, की निवाड्याचा लाभ फक्त खटला लढणाऱ्याला होत नाही. असे निवाडे होतात हे ठाऊक असल्यामुळेच जे मालक कायदा पाळतात, त्यांच्या साऱ्या नोकरांना तो होतो. औषध कंपनीच्या त्या खटल्यानंतर ज्या अगणित मुलींची नोकरी लग्नानंतर टिकली, त्यांपैकी कितीजणींना त्या खटल्याचे नाव ठाऊक असेल? सार्वजनिक रस्त्यासारखी ही सार्वजनिक वस्तू आहे. मात्र रस्ता कोठे आहे हे लोकांना कळलेच नाही, तर त्याचा उपयोग निम्मा होतो. ब्रिटनमध्ये २०१७ पासून या न्यायाधिकरणांचे निकाल इंटरनेटवर सर्वांना खुले झाले, आणि कोव्हिडच्या साथीनंतर अनेक सुनावण्या दूर बसून पाहण्याची परवानगीही त्रयस्थ नागरिकाला मिळू लागली. तेथील न्यायव्यवस्था त्यामुळे कोसळलेली नाही.

मेळघाटात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शासकीय नोकरीच्या खटल्यात दोन पक्ष असतात, कर्मचारी आणि शासन. तिसरा पक्ष, म्हणजे ज्याच्या सेवेसाठी ते पद निर्माण झाले तो नागरिक, तेथे कधीच उभा नसतो. चिखलदरा आणि धारणी हे तालुके नोकरशाहीच्या बोलीत वर्षानुवर्षे शिक्षेच्या बदलीचे ठिकाण म्हणून ओळखले जातात. बदल्यांसाठी २००५ चा कायदा आहे. त्याचा भंग झाला असे वाटले की कर्मचारी न्यायाधिकरणाकडे जातो, आणि तो त्याचा हक्कच आहे. त्याच्यावर खरोखर आकसाने अन्याय झालेला असू शकतो. पण तो आकस काय होता आणि त्याला मिळालेल्या स्थगितीमुळे कोणत्या आरोग्य केंद्राची खुर्ची रिकामी राहिली, हे त्या केंद्राच्या पायरीवर बसलेल्या बाईला कळण्याचा मार्ग नाही. मेळघाटातील कुपोषणाच्या जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत, आणि डॉक्टरांच्या रिक्त पदांचा प्रश्न त्यांत पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आहे. ज्यांची मुले दगावली त्यांच्याविषयी मुंबईत काय बोलले जाते, ते त्यांनी ऐकायला नको काय?

पेसा भरतीची कहाणी याहून बोलकी आहे. २९ ऑगस्ट २०१९ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील सतरा संवर्गांची पदे स्थानिक आदिवासींमधून भरावयाची ठरली. चिखलदरा आणि धारणी या क्षेत्रात मोडतात. परंतु २२ एप्रिल २०२० रोजी आंध्र प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अनुसूचित क्षेत्रात शिक्षकांची शंभर टक्के पदे आदिवासींसाठी राखणे घटनाबाह्य ठरवले. त्या आधारे महाराष्ट्रातील तरतुदीलाही आव्हान मिळाले आणि परीक्षा दिलेल्या उमेदवारांच्या नियुक्त्या लोंबकळल्या. २०२४ मध्ये आंदोलने झाली, तेव्हा मानधनावर तात्पुरत्या नेमणुका देण्याचा मार्ग शासनाने काढला. या वादात दोन्ही बाजू समतेचीच भाषा बोलतात. पिढ्यान्पिढ्या त्याच भागात राहणारा बिगर-आदिवासी म्हणतो, की मला पूर्णपणे वगळणे हा भेदभाव आहे. आदिवासी तरुण म्हणतो, की ज्या शाळेत मुलांची भाषा शिक्षकाला कळत नाही तेथे बाहेरचा माणूस नेमणे हाच भेदभाव आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही, हे लक्षात घेतले म्हणजे दुसऱ्या म्हणण्याचे वजन कळते. आंध्रच्या त्या खटल्याची सुनावणी झाली तेव्हा थेट प्रक्षेपण सुरू झालेले नव्हते. ज्या युक्तिवादाने मेळघाटातल्या तरुणाच्या भविष्याला वळण लागले, तो त्याने ऐकला नाही. त्याला परिणाम तेवढा समजला. हरलेल्या माणसालाही आपले म्हणणे नीट मांडले गेले आणि नीट ऐकले गेले हे दिसले, तर तो निकाल पचवू शकतो. ते दिसलेच नाही, तर त्याच्या मनात अफवा घर करते.

आणि हरिसाल. धारणी तालुक्यातले हे गाव २०१६ साली देशातील पहिले 'डिजिटल गाव' म्हणून गाजवले गेले. तेथेच २५ मार्च २०२१ रोजी वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपले जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाचे गाऱ्हाणे मांडले होते. त्या आरोपांचा निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे. येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न एवढाच, की साऱ्या महाराष्ट्राने ते पत्र वाचले ते लिहिणारी गेल्यावर. जिवंतपणी तिचे म्हणणे निःपक्षपातीपणे ऐकणारे आणि ऐकले गेले याची ग्वाही देणारे व्यासपीठ तिच्या आवाक्यात होते काय? दुर्गम भागातील कचेरीत वरिष्ठ हाच कायदा असतो, कारण त्याच्याकडे पाहणारे कोणी नसते. ज्या गावात इंटरनेटच्या तारा एवढ्या समारंभाने आणल्या, तेथे त्या तारांचा उपयोग न्यायाच्या कामी व्हावा असे कोणाला सुचले नाही.

याच ठिकाणी विरोधी आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो खरा आहे. छळाची तक्रार करणारी स्त्री हजारो अनोळखी डोळ्यांपुढे उभी राहील काय? तिच्या साक्षीतले एक वाक्य तोडून, त्यावर चेष्टेचे शब्द चिकटवून ते मोबाइलवरून फिरवले गेले तर उद्या दुसरी स्त्री तक्रार करणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारीचा व चौकशीचा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई केली, ती यासाठीच. २४ सप्टेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अशा एका प्रकरणात पक्षकारांची नावे झाकली, सुनावणी बंद दालनात ठेवली आणि दूरस्थ सुनावणीही नाकारली. त्यावर टीका झाली. गुप्ततेचे कवच तक्रारदारापेक्षा आरोपीच्याच अधिक कामी येते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही निवाड्याआधी बाजारात उभे केले जाऊ नये, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु सर्व काही उघडे किंवा सर्व काही बंद, असे दोनच पर्याय आहेत हे खरे नाही. मुंबई उच्च न्यायालयानेच १९९७ साली तिसरी वाट दाखवली होती. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगाराला एचआयव्हीची लागण असल्याच्या कारणावरून काम नाकारण्यात आले होते. त्याला आपले नाव झाकून, केवळ अक्षरांच्या आड राहून दाद मागण्याची मुभा न्यायालयाने दिली. तो काम करण्यास समर्थ असताना निव्वळ लागणीपायी त्याला नाकारणे बेकायदेशीर ठरवले. त्या कामगाराचे नाव आजही कोणाला ठाऊक नाही. त्याच्या खटल्यातले तत्त्व मात्र सर्वांना खुले आहे. नोकरीतील भेदभावाच्या खटल्यांत हाच मार्ग धरावा. दुर्बल पक्षाची ओळख झाकावी, पण सबळ पक्षाने दिलेली कारणे झाकू नयेत. साक्षीपुराव्याचे प्रक्षेपण न करण्याचा नियम देशातील आदर्श नियमावलीत आहेच, तो राहू द्यावा. मात्र कायद्याचा युक्तिवाद, शासनाचे आणि मालकाचे निवेदन आणि निकालाचे वाचन ही उघड असावीत. लैंगिक छळाच्या प्रकरणांत नावे गाळलेला निकाल तरी प्रसिद्ध व्हावा.

हे सांगण्याची वेळ आत्ताच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. समान वेतनाचा १९७६ चा कायदा वेतनसंहितेत विलीन झाला. औद्योगिक संबंध संहितेत एक न्यायिक आणि एक प्रशासकीय अशा दोन सदस्यांचे न्यायाधिकरण योजले आहे. या संहितांनी कामगारांच्या किती हक्कांना कात्री लावली, हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. पण महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने पक्षपाताला आणि वर्षानुवर्षे बदली कामगार म्हणून राबवण्याला 'अनुचित प्रथा' हे नाव दिले, ती परंपरा ज्यांना जपायची आहे त्यांनी एक मागणी आत्ताच लावून धरली पाहिजे. प्रशासकीय सदस्य न्यायासनावर बसणार असेल, तर त्याच्याकडे पाहणारे डोळे अधिक हवेत. घर नव्याने बांधले जात असतानाच खिडकी मागायची असते. भिंत उभी राहिल्यावर ती पाडून घेणे कठीण.

नुसते प्रक्षेपण सुरू केल्याने मेळघाटचे काम होणार नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. येथल्या कित्येक गावांत मोबाइलला संकेत मिळावा म्हणून टेकडीवर चढावे लागते. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी, ती दिसली तरी उमगणार नाही. म्हणून मागणी साधी आणि ठोस हवी. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी तहसील कार्यालयात एक खोली असावी, तेथे ठरलेल्या दिवशी सुनावणी दाखवावी आणि चित्रण करण्यास मनाई असावी. निकालाचा मराठी सारांश त्याच आठवड्यात भिंतीवर लागावा. मेळघाटात तो कोरकूतून वाचून दाखवला जावा. यासाठी लागणारा पैसा एखाद्या पर्यटन महोत्सवाच्या मंडपापेक्षा फारसा अधिक नसेल.

चिखलदऱ्याला पावसाळ्यात धुके पाहायला हजारो माणसे येतात. त्यांच्यासाठी रस्ते रुंद झाले, हॉटेले उभी राहिली, तेथे इंटरनेटही आले. त्या हॉटेलांत राबणाऱ्या मजुराला, त्याच घाटात पहारा करणाऱ्या वनरक्षकाला आणि भरतीच्या निकालाकडे डोळे लावून बसलेल्या त्याच्या मुलीला एवढेच हवे आहे, की आपल्या नोकरीबद्दल नागपुरात, मुंबईत, दिल्लीत जे बोलले जाते ते आपल्यालाही ऐकू यावे. ही भीक नव्हे. घटनेने ज्यांच्या नावाने न्याय द्यायचा ठरवले, त्या लोकांचा तो हक्क आहे. तो मागण्यासाठी त्यांना घाट उतरावा लागू नये.